खानदेशी चुलीवरील तवा, पातेलें आणि खापर

राजेलोकांच्या तलवारी, चिलखतें आणि पालख्या संग्रहालयांत जपून ठेविलेल्या असतात. ज्या तव्यावर त्यांच्या शिपायांची भाकरी भाजली, तो तवा मात्र कोणीं जपला नाहीं. तो झिजला, त्याला भोंक पडलें, तो मोडींत गेला आणि त्याच लोखंडाचा पुढें एखादा विळा झाला. त्यामुळें स्वयंपाकघराचा इतिहास लिहूं जाणाऱ्यास कागदपत्रें फारशीं सांपडत नाहींत. बाजार, चूल आणि बायकांच्या हाताच्या सवयी यांवरूनच त्याला मागचा माग काढावा लागतो. खानदेशापुरतें पाहिलें तर हें काम फारसें अवघड नाहीं. जळगांव, धुळें आणि १९९८ सालीं धुळ्यांतून वेगळा झालेला नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या मुलखांत एकाच घरीं मातीचें, लोखंडाचें, पितळेचें आणि पोलादाचें भांडें शेजारीं शेजारीं ठेविलेलें आजहि पाहावयास मिळतें. चांगलें भांडें कोणतें, हा प्रश्न अशा घरांत सुटा विचारला जात नसे. कोणता जिन्नस, कोणता जाळ आणि कोणाचा हात, हें आधीं ठरे. भांडें त्यामागून येई.

सर्वांत जुनें भांडें अर्थातच मातीचें. मातीचें भांडें फुटतें, पण कुजत नाहीं आणि मोडींतहि जात नाहीं. म्हणूनच तें इतिहासकाराच्या हातीं लागतें. गिरणेच्या कांठीं चाळीसगांव तालुक्यांतील बहाळ येथें म. न. देशपांडे यांनीं १९५२-५३ सालीं, आणि तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशें येथें बी. के. थापर यांनीं १९५४-५५ सालीं उत्खनन केलें, तेव्हां थरांमागून थर खापऱ्यांचे निघाले. तापीकांठच्या सावळदें गांवाचें नांव तर पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं एका संपूर्ण संस्कृतीलाच दिलें आहे. ती सुमारें चार हजार वर्षांपूर्वींची आणि मुख्यतः तिच्या मडक्यांवरूनच ओळखली जाते. त्या काळच्या लोकांची भाषा कोणती, राजा कोण, हें कोणास ठाऊक नाहीं. त्यांच्या घरचीं मडकीं मात्र दिसलीं.

मातीमागून लोखंड आलें आणि तव्यावर त्यानें जो हक्क सांगितला तो अद्याप सोडलेला नाहीं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आईन-इ-अकबरींत खानदेशचें मुख्य पीक म्हणून ज्वारीचा उल्लेख आहे. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिवटपणा नसतो. ती लाटतां येत नाहीं. हातानें थापावी लागते आणि थापल्याबरोबर चांगल्या तापलेल्या पृष्ठावर पडावी लागते. तवा थंड असेल तर भाकरी चिकटते. जाळाच्या जागीं जास्त तापून कांठाशीं गार राहिला तर मध्यें करपते आणि कडेला कच्ची राहते. ज्वारींत उडीद मिसळून केलेली कळण्याची भाकरी तर जाड असते आणि तिला उष्णता अधिक वेळ पुरवावी लागते. त्यांतच खानदेश हा कापसाचा मुलूख. चुलींत जळण पऱ्हाट्यांचें आणि तुराट्यांचें. हें जळण भडकून पेटतें आणि पाहतां पाहतां बसतें. अशा लहरी जाळाला पातळ भांडें पुरें पडत नाहीं. जाड लोखंडाचा तवा जाळ भडकला कीं उष्णता सांठवून ठेवतो आणि बसला कीं ती सावकाश सोडतो. म्हणून खानदेशी सासूनें सुनेसाठीं तवा निवडतांना प्रथम तो हातांत तोलून पाहावा, हें ओघानेंच आलें.

हा तवा दोन प्रकारचा असे. लोहारानें किंवा गाढवांवर बिऱ्हाड लादून गांवोगांव फिरणाऱ्या घिसाड्यानें ठोकून केलेला तो घडीव. आणि ओतून केलेला तो बिडाचा. घिसाडी गांवाबाहेर पाल ठोकी, जमिनींत खळगा करून भाता लावी, आणि नवरा सांडशीनें लोखंड धरीत असतां बायको घण घाली. त्यांच्याकडे जुनें लोखंड देऊन तवा, पळी, उलथणें करून घेत असत. घडीव तवा पडला तर वांकेल, पण फुटणार नाहीं. बिडाचा तवा उष्णता अधिक धरतो, परंतु तापलेला असतां त्यावर गार पाणी ओतलें किंवा तो फरशीवर आपटला तर तडकतो. आणि तडकलेलें बीड सांधणें गांवच्या लोहाराच्या आवांक्यांतलें काम नव्हे. भाकरीचा तवा मध्यें किंचित् खोलगट, पोळीचा सपाट. घेतांना तो कडेला दोन बोटांत लोंबता धरून दुसऱ्या हातानें टिचकी मारावयाची. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर कोठेंतरी चीर आहे, असें समजावयाचें. घरीं आणल्यावरहि तो लगेच कामास येत नसे. त्याला तेल माखून तापवावयाचा, कांदा चिरून त्यावर परतून टाकून द्यावयाचा, आणि असें कांहीं दिवस करीत राहावयाचें. तेल तापून लोखंडावर काळा, गुळगुळीत थर धरतो. मग त्यावर भाकरी चिकटत नाहीं आणि गंजहि चढत नाहीं. नवी सून उत्साहानें तवा राखेनें घासून लख्ख करी आणि बोलणीं खाई, तें याच कारणानें.

जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनीं संसाराला उपमा दिली ती चुलीवरील तव्याची. ती ऐकतांना कोणा खानदेशी स्त्रीला अर्थ विचारावा लागला नसेल. नव्या तव्यानें पहिले चटके कसे बसतात, हें प्रत्येकीच्या बोटांना ठाऊक होतें.

तांब्या-पितळेची कथा निराळी. हीं भांडीं पूर्वीं सामान्य कुणब्याच्या घरीं थोडकीं असत. हंडा, कळशी, एखाददुसरें पातेलें आणि परात. १८६० नंतरच्या दशकांत मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट खानदेशांतून भुसावळला पोंचली, आणि विलायतेंत लाटलेले तांब्या-पितळेचे पत्रे देशावरील तांबटांना सोईनें मिळूं लागले. पुण्याची तांबट आळी आणि नाशिकचा भांडीबाजार यांचा माल मग दूरवर जाऊं लागला. लग्नांत मुलीला भांडीं देण्याची चाल जुनीच. आतां भांड्यांची संख्या वाढली. प्रत्येकावर टिंबाटिंबांनीं नांव कोरलेलें असे.

तांबें हें उष्णता वाहून नेण्यांत लोखंडाच्या सुमारें पांचपट सरस. तांब्याचें पातेलें सर्व बाजूंनीं सारखें तापतें, आणि वरण तळाशीं लागत नाहीं. परंतु चिंच, ताक, कैरी यांचा स्पर्श झाला कीं तांबें व पितळ दोन्ही अन्नांत उतरूं लागतात. आमटीला हिरवट रंग येतो, तोंडाला तुरट चव येते, आणि खाणाऱ्यास मळमळ व ओकाऱ्या होतात. या प्रकाराला मराठींत एक नेमका शब्द आहे: कळकणें. अन्न कळकूं नये म्हणून कल्हई. कल्हईवाला भांडें भट्टीवर तापवी, त्यांत नवसागर टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि कथलाची कांडी फिरवून तो कापसाच्या बोळ्यानें सारें भांडें आंतून रुपेरी करी. मुलें भोंवतीं गोळा होऊन हा चमत्कार पाहत. मुलांना न दिसणारी गोष्ट अशी कीं, कथील महाग आणि शिसें स्वस्त. लबाड कल्हईवाला कथलांत शिसें मिसळी, आणि विष टाळण्यासाठीं पैसे मोजून घरांत दुसरें विष येई. जाणती गृहिणी म्हणून ओळखीचाच कल्हईवाला लावी. शुद्ध कथलाची कल्हई चांदीसारखी उजळ दिसते. शिसें मिसळलेली निळसर व मळकट, आणि बोट घासलें तर काळें होतें.

कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतें. कल्हईचें भांडें रिकामें चुलीवर राहिलें किंवा त्यांत कोरडें कांहीं भाजावयास घेतलें, तर कल्हईचे मणी होऊन तळाशीं गोळा होतात. म्हणून वरण-भात, आमटी, दूध हें कल्हईच्या भांड्यांत; भाजणें, तळणें, परतणें हें लोखंडाच्या तव्यावर व कढईंत. ही वांटणी नुसत्या रूढीची नव्हती. धातूंचा गुणधर्म पुस्तकांत न वाचतां तो पिढ्यांनीं बोटांवर मोजला होता.

पितळेच्या भांड्याला आणखी एक गुण होता आणि चुलीशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. तें मोडीच्या भावानें केव्हांहि विकतां येई. १८९९-१९०० च्या दुष्काळानें खानदेशाला फार पोळलें. अशा वर्षीं घरांतून आधीं दागिना जाई, मग हंडा, मग परात. ज्या घरांतून शेवटचें पातेलेंहि गेलें, तेथें पाऊस पडून दाणे आल्यावरहि रांधावयाचें कशांत, हा प्रश्न उरे. कायद्यानेंहि ही गोष्ट ओळखली आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमांत, ऋणकोच्या कोणत्या वस्तूंवर जप्ती आणतां येत नाहीं, त्यांची यादी आहे. तिच्या अगदीं आरंभीं अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं आणि अंथरूण-पांघरूण यांचीं नांवें आहेत. सावकाराचा हुकूमनामा घराच्या तुळईपर्यंत पोंचला, तरी तव्यापाशीं त्याला थांबावें लागतें.

यानंतर आलें तें 'जर्मन'. खेड्यांतील बायका ॲल्युमिनियमला आजहि जर्मनच म्हणतात. वास्तविक मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं १८९८ सालीं या धातूचीं भांडीं करण्यास आरंभ केला, तेव्हांपासून तो धंदा या देशांत आहे. मात्र पत्रा बाहेरून येई. खनिजापासून ॲल्युमिनियम काढण्याचें काम हिंदुस्थानांत सुरू झालें तें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत. त्रावणकोर संस्थानांतील अलुवे येथील कारखाना १९४३ चा. जर्मनचें पातेलें स्वस्त, हलकें, लौकर तापणारें, आणि मुख्य म्हणजे त्याला कल्हई नको. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या, शेतावर भाकरी नेणाऱ्या बाईला हलकें भांडें म्हणजे केवढी सुटका, हें जड पितळेचें गुणगान करणाऱ्या पुरुषांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. दोषहि आहेतच. पत्रा पातळ असला तर पोचे पडतात, तळ वर येतो, मोडीला किंमत येत नाहीं; आणि चिंचेचा सार त्यांत रात्रभर ठेविला तर सकाळीं भांडें आंतून काळवंडलेलें दिसतें.

डिसेंबर १९३६ मध्यें पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच अधिवेशन. नंदलाल बोस यांनीं तेथील सजावट साध्या, आसपास मिळणाऱ्या जिनसांतून केली होती, आणि गांधीजींच्या आग्रहानें खादीग्रामोद्योगांचें प्रदर्शन मांडलें होतें. ग्रामोद्योगांचा तो गजर चालू असतां गांवच्या फडताळांत मात्र कुंभार व तांबट यांच्या विरुद्ध निकाल हळूहळू लागत होता.

तो निकाल पुरा केला पोलादानें. शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं १९१३ सालीं न गंजणारें पोलाद तयार केलें. महाराष्ट्राच्या मध्यम घरांत तें शिरलें १९६० नंतर, आणि तें पुष्कळदां बोहारणीच्या टोपलींतून. चार जुनीं लुगडीं देऊन एक चकचकीत पातेलें घेणें हा दुपारच्या वेळचा एक मोठा व्यवहार होऊन बसला. आजीच्या नांवाचा पितळी हंडा वजनावर घालून त्याच्या बदली पोलादाचे डबे घरोघर आले. कल्हईवाल्याची हांक गल्लींतून ऐकूं येईनाशी झाली.

पोलादाला आंबट बाधत नाहीं, गंज चढत नाहीं, घासणें सोपें. पण उष्णता वाहून नेण्यांत तें फार मंद आहे. तांब्याच्या सुमारें पंचविसाव्या हिश्शाइतकें. पातळ तळाच्या पोलादी पातेल्यांत ज्योतीच्या वरची जागा करपते आणि बाजूचें अन्न कच्चें राहतें. पऱ्हाट्यांचा जाळ निदान सगळ्या बुडाला लपेटून घेई. गॅसची ज्योत तर एकाच वर्तुळांत बोंचते. म्हणून पोलादाचें घ्यावयाचें तर जाड बुडाचें, आणि शक्य तर दोन पोलादी थरांमध्यें ॲल्युमिनियमची चकती दाबलेलें घ्यावें. दुकानदार लोहचुंबक काढून दाखवितो आणि चुंबक चिकटत नाहीं म्हणजे माल उत्तम, असें सांगतो. तें सर्वस्वीं खरें नव्हे. अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असलेल्या चांगल्या पोलादाला चुंबक चिकटत नाहीं हें खरें; परंतु निकेल कमी करून मँगनीज वाढविलेल्या हलक्या जातीलाहि तें चिकटत नाहीं.

न चिकटणाऱ्या लेपाचा तवा मराठी घरांत आणणारा कारखाना खानदेशाला लागूनच होता. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथें १९६८ सालीं भोगले कुटुंबानें 'निर्लेप' सुरू केली. ज्याच्यावर लेप दिलेला आहे त्यालाच निर्लेप हें नांव मिळावें, ही गंमत संस्कृत जाणणाऱ्यांना पुरेशी आहे. या लेपाचें द्रव्य रॉय प्लंकेट यांना अमेरिकेंत ६ एप्रिल १९३८ रोजीं अकल्पितपणें गवसलें. धिरडीं, घावन, थोड्या तेलाची भाजी यांना हा तवा नामी. परंतु २६० अंशांच्या पुढें तो लेप बिघडूं लागतो, आणि भाकरीचा तवा तर रसरशीत तापवावा लागतो. शिवाय लोखंडी उलथण्यानें लेपाला ओरखडे पडतात. भाकरीच्या घरीं हा पाहुणा. घरचा कारभारी नव्हे.

या सगळ्या बदलांत हातून गेलें तें वेगळेंच. लोखंडी कढईंत आंबट भाजी शिजली कीं थोडें लोखंड भाजींत उतरतें. तांब्याचें उतरणें घातक, लोखंडाचें उतरणें हितकर. इथिओपियांत कांहीं मुलांना लोखंडाच्या व कांहींना ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजविलेलें अन्न वर्षभर देऊन पाहण्यांत आलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत लोखंडाच्या भांड्यांतील अन्न खाणाऱ्या मुलांचें रक्त सुधारलेलें आढळलें. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी असल्याचें दिसून आलें. याचीं कारणें अनेक आहेत. आहार, बाळंतपणें, जंत. सारा दोष कढईवर ढकलणें बरोबर होणार नाहीं. तरीहि ज्या घरीं आजीची लोखंडी कढई माळ्यावर गंजत पडली आहे आणि खालीं सून रक्तवाढीच्या गोळ्या घेत आहे, तेथें ती कढई एकदां खालीं काढून, घासून, तेल माखून पाहावयास हरकत नाहीं. नव्या मिश्रधातूंच्या ओतीव कढयांबाबत मात्र डोळे उघडे ठेवावेत. २०२५ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें भारतांतून गेलेल्या तसल्या कांहीं भांड्यांतून अन्नांत शिसें उतरूं शकतें, असा इशारा दिला. कल्हईंतील जुनी लबाडी दुसऱ्या वाटेनें परत आली. ज्यावर करणाराचें नांव नाहीं, धातू कोणता तें लिहिलेलें नाहीं, असें वजनावर विकलें जाणारें ओतीव भांडें स्वस्त पडलें तरी घेऊं नये.

इतक्या धातूंचा फेरा झाल्यावरहि एका दिवशीं खानदेशाला माती लागतेच. तो दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. लेकी माहेरीं येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, पितरांसाठीं पाण्यानें भरलेली मातीची घागर पुजली जाते, आणि आंब्याच्या रसाबरोबर खापरावरची पुरणपोळी होते. खापर हें परातीएवढें मोठें, घुमटासारखें मातीचें भांडें. तें चुलीवर पालथें घालावयाचें. गहूं ओलवून, दळून, पीठ वस्त्रगाळ चाळून घेतात आणि पाणी लावीत तें इतकें मळतात व आपटतात कीं त्याची तार निघावी. पुरण भरलेला गोळा लाटण्याखालीं जात नाहीं. तो दोन्ही हातांवर झेलीत, फिरवीत, कोंपरापर्यंत पसरवीत जातात आणि मग ती पातळ, थरथरणारी पोळी अलगद खापरावर टाकतात. लोखंडावर अशी पोळी पडली तर टेकल्याबरोबर डागेल. माती उष्णता सावकाश देते, आणि घुमटाच्या उतारावर पोळी आपल्याच वजनानें ताणून बसते. हल्लीं शहरांतल्या कांहीं घरीं गॅसवर लोखंडी कढई पालथी घालून काम भागवितात. पोळी होते, करणाऱ्या बायकाच सांगतात कीं ती तशी होत नाहीं.

खापराला मोड नाहीं. उचलतांना हात निसटला किंवा तापलेलें असतां पाण्याचा शिंतोडा उडाला, कीं वर्षाचें खापर गेलें. म्हणून आखाजीच्या आधींच्या बाजारांत कुंभारापुढें बसलेली बाई घाई करीत नाहीं. ती खापर उन्हाकडे धरून आंतून पाहते, कुठें भोंक किंवा खडा आहे का तें चांचपते, कडेवरून बोट फिरवून जाडी सारखी आहे कीं नाहीं तें पाहते, आणि मग मुठीच्या सांध्यांनीं हलकेंच वाजविते. आवाज मनासारखा आला नाहीं तर तें बाजूला ठेविते. कुंभाराला राग येत नाहीं. तो मागच्या गवतांतून दुसरें काढतो, स्वतः एकदां वाजवितो, आणि तिच्यापुढें सरकवितो.